शेतातला मांडव: आधी मुहूर्ताची वेळ, मग कमानीची शोभा

पारोळा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

"मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलीचं लग्न आहे. आमच्या यांची हौस अशी की लग्न गावातच करायचं, रस्त्याला लागून असलेल्या आमच्या दीड एकरात मांडव टाकून. गहू निघालाय, वावर मोकळं आहे. पाहुणे हजार-बाराशे होतील. नवरदेवाकडची मंडळी शहाद्याची. गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिलेत: सकाळी ९.२०, दुपारी १२.४० आणि संध्याकाळचा गोरज. सकाळचा सगळ्यांनी लगेच खोडला, 'एवढ्या सकाळी कोण येतं?' म्हणून. मोठे जेठ, आमचे आप्पा, दुपारच्यावर ठाम आहेत. मंडपवाला म्हणतो, ताई, तुम्ही काळजीच करू नका. पण मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात वादळात मांडव उडाला, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. हे सगळं नीट कसं आखू? आणि आप्पांना कसं सांगू?"

ताई,

तुमची भीती खरी आहे, आणि तुमच्या घरात या घडीला सगळ्यात मुद्द्याचं कोणी बोलत असेल तर ते तुम्हीच. लग्न शेतात करू नका असं मी म्हणणार नाही. आपल्या वावरातून लेक सासरी जावी, ही तिच्या वडिलांची इच्छा फार मोलाची आहे. फक्त क्रम बदला. आपल्याकडे आधी कमान ठरते, मग डीजे, मग जेवणाचा बेत आणि उरलंच तर ऊन-वाऱ्याचा विचार. खान्देशात मे महिन्यात मांडव टाकायचा तर ऊन आणि वारा आधी, बाकी सगळं त्यांच्या मागून.

म्हणून पहिली गोष्ट मुहूर्ताची. तुम्ही खोडलेला ९.२० चा मुहूर्त पुन्हा बाहेर काढा.

१२.४० चा मुहूर्त कागदावर १२.४० चा असतो. मारुतीच्या पारावरून नवरदेव निघतो, वाजंत्रीपुढे पोरं नाचतात, मांडवाच्या तोंडाशी यायलाच दीड वाजतो आणि अक्षता पडेपर्यंत दोन. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मेच्या सुरुवातीला पारा ४३-४४ ला टेकलेला असतो, तुमच्याकडेही फार वेगळं नाही. कापडाच्या छताखाली, हजार माणसांच्या गर्दीत, अकरा वाजल्यापासून येऊन बसलेल्या सत्तरीतल्या आत्या-मावश्यांची काय अवस्था होते ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पहिली पंगत उठायला तीन वाजतात आणि वाढणारी पोरं तोवर उन्हाने कोमेजून गेलेली असतात.

गोरज मुहूर्त ऐकायला गोड. तुमच्याकडे त्या दिवसांत सूर्य सातच्या पाच-एक मिनिटं आधी मावळतो, हवा उतरलेली असते, दिवे लागलेले असतात. पण वळवाचं वादळ येतं ते बहुतेक दुपारी तीननंतर आणि रात्री आठच्या आत. दिवसभर तापलेली जमीन, मग ढग भरून येतात, धुळीचा लोट उठतो आणि दहा मिनिटांत सगळं अंगावर येतं. म्हणजे गोरज मुहूर्त नेमका वादळाच्या तोंडावर येतो. शिवाय रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, २००० सालापासूनचा नियम आहे तो. सातला लग्न लावून बाराशे माणसांच्या पंगती उठवायच्या म्हणजे सगळी धावपळच.

सकाळी मात्र वारा पडलेला असतो आणि ऊन सोसवतं. लग्न लागलं की दहालाच पहिली पंगत बसवता येते. एका पंगतीला तीनशे माणसं आणि बसण्या-उठण्याला चाळीस मिनिटं धरली तर चार पंगती एकच्या आत उठतात. दुपारच्या तडाख्याआधी पाहुणे गाड्यांत बसलेले असतील. शहाद्याहून येणाऱ्यांना धुळ्यावरून तीनेक तासांची वाट आहे. वऱ्हाडाला आदल्या संध्याकाळीच बोलवा. मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेला सुट्टी असते. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला आत्ताच भेटून परवानगीचा अर्ज द्या आणि जानवसा तिथे ठेवा. त्याच खोल्या दुसऱ्या दिवशी अडीअडचणीलाही कामी येतील, ते पुढे सांगते. आणि पत्रिकेत मुहूर्ताखाली एक ओळ ठळक छापा: "लग्न ठरल्या वेळेवर लागेल." एवढ्या सकाळी कोण येतं, या प्रश्नाला सोपं उत्तर आहे. ज्यांना यायचं ते येतात, आणि जे नुसते जेवणाला येतात ते अकरापर्यंत पोचतातच.

आता जागा. दीड एकर म्हणजे ६५ हजार चौरस फूट, तुम्हाला पुरेशी आहे. खुर्च्या आठशे मांडा, एका वेळी त्याहून जास्त माणसं बसत नाहीत. माणशी ९ चौरस फूट धरा, म्हणजे ६० बाय १२० चा मांडव. पंगतीला वेगळी साडेतीन-चार हजार चौरस फूट सावली. शंभर चारचाकींना वळणावाटेसह २५ ते ३० हजार फूट लागतं, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो, म्हणून आत यायची आणि बाहेर जायची वाट वेगळी ठेवा. काळी जमीन आहे; एक सर पडली की चाकं रुतणार. रस्त्यापासून गाड्यांच्या जागेपर्यंत चार-सहा ट्रॉल्या मुरूम टाकून रोलर फिरवून घ्या. फुलांच्या कमानीतून पैसे कापावे लागले तरी चालतील, मुरमातून कापू नका. फुफाटा बसवायला पाणी आदल्या दिवशी दुपारी मारा. सकाळी मारलंत तर बायकांच्या शालूंना चिखल लागेल.

वावरात विहीर असेल, आणि आपल्याकडच्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो. लग्नात लहान मुलं मोकाट असतात आणि आयांचं लक्ष वेदीकडे असतं. विहिरीभोवती दहा-बारा फूट अंतर सोडून पक्क्या बल्ल्यांचं कुंपण घाला, जाळी बांधा आणि एक घरचा माणूस तिथे खुर्ची टाकून बसवा. डेकोरेशनची झालर म्हणजे कुंपण नव्हे. वावरावरून विजेची तार जात असेल तर मांडव तिच्यापासून पुरता बाजूला घ्या. उन्हात तारा ढिल्या होऊन खाली झोळतात आणि पाईप उभा करणाऱ्या मजुराचं लक्ष वर नसतं.

मांडवाची दिशा उत्तर-दक्षिण लांब धरा आणि स्टेज उत्तर टोकाला घ्या, म्हणजे कोवळं ऊन ना पाहुण्यांच्या डोळ्यांत जाईल ना नवरा-नवरीच्या. स्वयंपाकाचा मांडव पूर्वेला, मुख्य मांडवापासून निदान पन्नास फूट लांब. या दिवसांत तापीच्या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे धूर आणि ठिणगी माणसांकडे न येता उलटीकडे जाईल.

आता वाऱ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण मंडपवाल्याशी बोलताना तुम्हाला आकडा हाताशी हवा. ताशी ६० किलोमीटरचा वारा वळवाच्या वादळात नवलाचा नाही. शंभर फूट लांब आणि बारा फूट उंच अशी बंद कनात त्या वाऱ्यासमोर उभी असेल तर तिच्यावर जवळपास दोन टनांचा जोर येतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. कापडाच्या त्या भिंती आणि सपाट वॉटरप्रूफ छत म्हणजे होडीचं शीडच. पाईप कितीही जाड असोत, खुंटी सुटली की सगळं उचललं जातं. आणि मे महिन्यातली आपली काळी जमीन भेगाळलेली असते. भेगेजवळ ठोकलेली मेख हाताने हलवली तरी निघते.

म्हणून मंडपवाल्याला चार गोष्टी सांगा आणि कागदावर लिहून घ्या. मेखा तीन फुटी लोखंडी हव्यात, बाहेरच्या बाजूला कललेल्या, भेगा टाळून ठोकलेल्या; कोपऱ्यांवर आणि स्टेजमागे दोनशे लिटरची भरलेली पिंपं वजनाला बांधायची. पश्चिमेची कनात बंद ठेवायची नाही. सावलीला लागतीलच तेवढे पडदे लावा, पण सुरगाठीने, म्हणजे दोर ओढला की पडदा खाली पडला पाहिजे. बसायच्या जागेवर सपाट वॉटरप्रूफ छताऐवजी शेडनेट घ्या, तेच रोपवाटिकेवर असतं ते. त्यातून वारा आरपार जातो, मांडवावर जोर कमी येतो आणि खाली हवा खेळती राहते. सकाळच्या लग्नाला तेवढी सावली पुरते. वॉटरप्रूफ फक्त स्टेज, पंगत आणि स्वयंपाकावर ठेवा आणि त्याला चांगला उतार द्या. दहा बाय दहा फुटांच्या झोळात इंचभर पाणी साचलं तरी सव्वादोनशे किलोहून जास्त वजन छतावर बसतं.

चौथी गोष्ट वेळेची. पाईपाचा सांगाडा दोन दिवस आधी उभा राहिला पाहिजे, म्हणजे एका संध्याकाळचा वारा त्याने खाल्लेला तुम्हाला दिसेल. तिसऱ्या प्रहरी घरातला एखादा गडी माणूस घेऊन फिरा, एकेक दोर हाताने ओढून बघायला लावा. कापड मात्र आदल्या रात्रीच चढवायचं. लग्नाच्या दिवशी मंडपवाल्याची चार माणसं शेवटचा पाहुणा जाईपर्यंत जागेवर हवीत, आणि ठरल्या रकमेतला चौथा हिस्सा मांडव उतरल्यावर द्यायचा. 'काळजी करू नका' म्हणणारा चांगला मंडपवाला या अटींवर चिडत नाही. चिडला तर दुसरा बघा, अजून वेळ आहे.

छताचा आणि झालरीचा रंग विचारला नाहीत, तरी सांगते: पांढरा किंवा फिका. गडद मरून कापड तापतं आणि तो सगळा उष्मा खाली डोक्यावर उतरतो.

आगीचं नीट ऐका. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत एका मंगल कार्यालयात शाळेचा कार्यक्रम चालू होता. वर सिंथेटिक कापडाचा मांडव होता. विजेच्या ठिणगीने कापड पेटलं, वितळून माणसांवर पडलं आणि बाहेर पडायला वाट अपुरी होती. चारशेहून जास्त जीव गेले, त्यात बरीचशी शाळकरी मुलं होती. मांडव म्हटलं की मला ते आठवतं आणि त्यामुळे एका गोष्टीवर मी अडून बसते: मांडवाला तीन बाजूंनी दहा-दहा फुटांच्या मोकळ्या वाटा हव्यात. तिथे खुर्ची नाही, सेल्फीची चौकट नाही, आइस्क्रीमचा ठेला नाही. एकच सजवलेली कमान आणि बाकी सगळीकडे कनात, असला मांडव स्वीकारू नका.

तुमच्या वावरात आगीला खायला भरपूर आहे. गव्हाचं काड उभं आहे ना? आधी वखरणी करून घ्या आणि पाणी द्या. बांधाला पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, गंजी किंवा कडबा असेल तर तो लग्नाच्या आठवडाभर आधी दूर हलवा, शेजाऱ्याचा असेल तर त्याला विनवून हलवा. आणि फटाके नकोतच. वाळलेल्या पऱ्हाटीत एक अर्धवट विझलेला बाण पडला तर तो विझवायला विहिरीचं पाणी काढेपर्यंत उशीर झालेला असतो. प्रत्येक वाटेशी पाण्याचं भरलेलं पिंप, वाळूच्या बादल्या आणि पावडरचं अग्निशामक ठेवा, आणि ते चालवायचं कसं ते चार पोरांना आदल्या दिवशी दाखवा. आचाऱ्याचे १९ किलोचे सिलिंडर शेगड्यांपासून लांब, उभे आणि सावलीत. बट्ट्या तळायची कढई पेटली तर पाणी मारायचं नाही, गॅस बंद करून झाकण टाकायचं. हे आचाऱ्याला माहीत असतं, वाढणाऱ्या पोरांना नसतं.

वीज शेतीपंपाच्या लाइनवर घेऊ नका. थ्री-फेज कधी असते कधी नसते, आणि शेतीची जोडणी लग्नाला वापरणं नियमात बसतही नाही. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करा आणि जनरेटर घ्या. हिशेब असा: फराटा पंखे चाळीस, मोठे कूलर बारा, साउंड, पाण्याची मोटर आणि थोडे दिवे मिळून २५ ते ३० किलोवॅट होतात. ४० केव्हीएचा जनरेटर काठावर येतो, त्यामुळे ६२.५ केव्हीएचा सांगा. तो पूर्वेला, मांडवापासून पन्नास फूट दूर, आणि चालू असताना डिझेल ओतायचं नाही. कूलर आपल्या कोरड्या हवेत छान चालतात, पण मांडव मोकळा असेल तरच. बंद कनातीत ते नुसता दमटपणा करतात. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर आहे की नाही हे वायरमनकडून स्वतः बघून घ्या. कूलरचं पाणी आणि उघडी जोड-वायर एकाच जमिनीवर असते.

प्यायचं पाणी माणशी दोन लिटर धरा, म्हणजे बाराशे माणसांना २० लिटरचे १२० जार. हात धुण्याला आणि भांड्यांना टँकर वेगळा. पाण्याची ठिकाणं एका कोपऱ्यात न ठेवता चार बाजूंना विखरून ठेवा. फिरती शौचालयं निदान बारा, त्यांतली सात-आठ बायकांसाठी, आणि पाण्याची सोय व सफाईचं माणूस धरूनच ठरवा. या खर्चावर घरात वाद होईल. तिथे तुम्ही हटू नका, बायकांचे हाल पुरुषांच्या हिशेबात येत नाहीत.

जेवणाचा बेत तुमचा तुम्ही ठरवा. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असेल तर उत्तमच, दोन्ही उकळतं वाढता येतं आणि उन्हाला दाद देत नाही. बासुंदी, पनीर, खव्याचं काही मात्र नको. उन्हाळ्यात असे पदार्थ तासाभराहून जास्त बाहेर राहिले की भरवसा नाही. आमरस करायचा तर रात्री काढून ठेवायचा नाही, पंगतीपंगतीला ताजा काढायचा. आणि कारखान्याच्या लादीचा बर्फ भांड्याभोवती ठेवायला, ताकात टाकायला नाही.

एका सावलीच्या कोपऱ्यात दोन खाटा, ओले टॉवेल, ओआरएस आणि गावातले डॉक्टर किंवा नर्सताई हव्यात. कोणी बरळायला लागलं, अंग तापलेलं आहे, तर आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पाहुण्यांत जे म्हातारे असतील त्यांची नावं आत्ताच आठवून ठेवा, त्यांच्या खुर्च्या पंख्यापुढे आणि वाटेजवळ.

आता आप्पा. ताई, त्यांच्याशी मुहूर्तावरून वाद घालू नका. त्यांना कामाची जबाबदारी द्या, आणि ती खरोखर त्यांचीच आहे. वादळ चालून आलं तर मांडव रिकामा करा असं कोणीतरी म्हणावं लागतं. मुलीचे वडील त्या वेळी कन्यादानात असतात, मामा अंतरपाटापाशी, तुम्ही विहिणीजवळ. मंडपवाला म्हणणार नाही, कारण त्याला आपल्या मांडवाची अब्रू जपायची असते. भावकीत ज्याच्या शब्दाला 'का?' असं कोणी विचारत नाही असा तुमच्या घरात एकच माणूस आहे. त्यांना म्हणा: "आप्पा, बाकी सगळं आम्ही बघतो. पण मांडव कधी सोडायचा हे तुम्ही ठरवायचं. तुमच्या एका शब्दावर हजार माणसं उठतील, दुसऱ्या कोणाच्या उठणार नाहीत."

त्यांच्या शेजारी एक हुशार पोरगा बसवा, भाच्यांपैकी कोणीही. त्याच्या मोबाइलवर दामिनी ॲप असू द्या, आसपास वीज पडते आहे का ते त्यात दिसतं. हवामान खात्याचे पुढच्या तीन तासांचे इशारेही बघत राहील. निकष आधीच ठरवा: पश्चिमेला धुळीची भिंत दिसली, किंवा गडगडाट कानावर आला, की आप्पा उठणार, माइकवर बोलणार, पडद्यांचे दोर ओढले जाणार आणि माणसं शाळेकडे किंवा आपापल्या बंद गाड्यांत जाणार. झाडाखाली नाही आणि पाईपाच्या मांडवातही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. मंगलाष्टकं शाळेच्या व्हरांड्यात झाली तरी लग्न तेवढंच पक्कं लागतं, गुरुजींना हे आधी सांगून ठेवा.

ही सगळी जबाबदारी डोळ्यांसमोर मांडलीत ना, की मग तीन मुहूर्तांचा कागद आप्पांच्याच हातात द्या आणि विचारा, यातल्या कोणत्या वेळी तुम्हाला माणसं सांभाळणं जमेल? उत्तराची घाई करू नका. त्यांना एका दुपारी बाराला वावरात नेऊन उभं करा, हवं तर मंडपवाल्याला माप घ्यायला त्याच वेळी बोलवा. पत्रिका त्यानंतर छापायला टाका. दारातल्या हिरव्या डहाळ्यांच्या मांडवाचं मात्र रीतीप्रमाणे होऊ द्या, हळद त्याच्याखालीच लावा. तो मांडव लहान असतो, घराच्या आडोशाला असतो, त्याची चिंता नाही.

मंडपवाल्याशी बोलणं झालं की त्याने लिहून दिलेला कागद मला पाठवा. काही राहून गेलं असेल तर लगेच कळवते.